सात नंबरची बाटली

सुनंदा,

अमरधामला जमलेली गर्दी पाहून मला तुझा हेवा वाटला. घे, पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. माणूस गेल्यावर तरी पोटात दुखायचं थांबावं ना? नाही थांबलं.

माझ्या शेजारी दोन डॉक्टर उभे होते, तुझे विद्यार्थी. पलीकडे एक वाहतूक पोलीस, तोही तुझाच. पिंपळगावच्या पॅकहाउसमधून एक जण द्राक्षं भरता भरता तसाच उठून आला होता, कामाच्या कपड्यांत. सगळे एकमेकांना विचारत होते, "तू मॅडमच्या कुठल्या बॅचचा?" यातले निम्मे पटावर माझ्या ए डिव्हिजनचे गं! हजेरी माझ्याकडे लावायची आणि केमिस्ट्री शिकायला तुझ्या बी डिव्हिजनच्या मागच्या बाकावर जाऊन बसायचं, अशी ही कार्टी. मला बघून त्यांनी नमस्कार केला, अगदी रीतसर केला, आणि परत तुझ्याबद्दल बोलायला लागली. मी मनात म्हटलं, मी गेल्यावर कोण येईल? सोसायटीतले येतील. स्टाफ येईल, कारण तेवढेच तास बुडतात. प्राचार्य पाच मिनिटं येऊन घड्याळ बघतील.

त्याच प्राचार्यांनी परवा मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "गायधनी मॅडम, कॉलेजच्या वार्षिक अंकात आहेर मॅडमवर दोन-चार पानं हवीत. एकाच विषयाच्या तुम्ही दोघी, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" ते बिचारे दोन वर्षांपूर्वी इथं आलेत, त्यांना काय ठाऊक. मी स्टाफरूममध्ये येऊन हे सांगितलं तर सगळ्यांनी एकदम वह्या तपासायला घेतल्या. आपण दोघी आठ वर्षं एकमेकींशी बोललो नाही हे तिथल्या कपाटांनाही माहीत आहे.

तरी मी हो म्हणाले. का म्हणाले ते पुढे येईलच. तुझा जन्म कुठला, पदवी कुठली, नोकरीची वर्षं किती, हे मी लिहिणार नाही. ते ऑफिसात सेवापुस्तकात आहे, ज्याला हवं त्यानं जाऊन बघावं.

तू आलीस ते नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. सटाण्याकडची, अंगावर कडक खळीची साडी, हातात पत्र्याचा डबा. मी तेव्हा या कॉलेजात मुरलेली. पहिल्याच आठवड्यात तू फळ्यासमोर उभी राहून शंभर पोरांना सांगितलंस, "हा प्रेसिपिटेट पांढरा शे." 'आहे'ला 'शे' म्हणणारी तुझी अहिराणी ऐकून सगळा वर्ग खो-खो हसला. स्टाफरूममध्ये मी नक्कल केली, बायका हसून लोळल्या. महिनाभर तुला सगळे 'शे मॅडम' म्हणत. दुसरी एखादी रडली असती. तू दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन म्हणालीस, "हसा पोट धरून, पण रंग विसरू नका." आणि अगं, नाही विसरली ती पोरं! प्रॅक्टिकलला माझ्या डिव्हिजनची मुलं रंगात चुकायची, तुझी नाही. मला तेव्हाच पहिल्यांदा झोंबलं होतं.

पण त्या दिवसांत तू माझी होतीस. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तू प्रयोगशाळेत माझ्याजवळ आलीस आणि खाली मान घालून म्हणालीस, "ताई, मला सॉल्ट येत नाही. आमच्या कॉलेजात एका परीक्षानळीभोवती पंधरा जणं उभी राहायची. मी लांबूनच पाहिलं फक्त." सॉल्ट म्हणजे प्रॅक्टिकलचा जीव. बाटलीत एक पांढरी नाहीतर रंगीत पूड, ती तापवायची, विरघळवायची, तिच्यात हे ते घालायचं आणि ओळखायचं तिच्यात काय आहे. बारावीला शिकवणाऱ्या बाईला हे येत नाही, म्हणजे काय कबुली होती ती! मी कुणाला बोलले असते तर तुझी नोकरी कायम व्हायची पंचाईत होती. मी नाही बोलले. महिनाभर कॉलेज सुटल्यावर मी तुला एकेक सॉल्ट करून दाखवलं. नळीवर नाक न्यायचं नाही, हातानं वारा घेऊन वास आपल्याकडे आणायचा, हे तुला मी शिकवलं. हे मी मुद्दाम लिहितेय. लोकांना कळू दे.

मग काय झालं? शिष्या पुढे गेली. मला मान्य करायला इतकी वर्षं लागली, पण गेली.

माझं बलस्थान आयएमपी होतं. बाहेरगावच्या वाचकाला सांगते, आयएमपी म्हणजे बोर्डाच्या परीक्षेला हमखास येणारे प्रश्न, आणि ते ओळखण्यात माझा हात नाशकात कुणी धरत नव्हतं. फेब्रुवारी उजाडला की माझ्या वीस प्रश्नांच्या यादीच्या झेरॉक्स सिन्नरपासून मालेगावपर्यंत पोचायच्या. "गायधनी मॅडमचे आयएमपी आले का?" असं पोरं झेरॉक्सच्या दुकानात विचारायची. बारावीचा ग्रुप, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीचे मार्क, त्यावर डॉक्टर व्हायचं की नाही ते ठरत होतं. पाहुणे घरात आले की पाणी घ्यायच्या आधी विचारायचे, "ग्रुप किती?" त्या जगात मी राणी होते, सुनंदा. तुझ्याकडे कुणी आयएमपी मागितले तर तू म्हणायचीस, "सगळंच आयएमपी शे, वाचा." पोरं तोंड वाकडं करायची आणि माझ्याकडे यायची. तेवढंच माझं समाधान.

आणि सीईटी आली. बारावीनंतर वेगळी प्रवेश परीक्षा, चार पर्याय, एक गोळा रंगवायचा. माझे वीस प्रश्न एका फटक्यात रद्दी झाले. 'शास्त्रीय कारणे द्या'चं सुंदर उत्तर तिथं कोण विचारतंय! तू मात्र रद्दीवाल्याकडून दिल्लीकडच्या परीक्षांची जुनी पुस्तकं आणलीस, पोरांबरोबर स्वतः सोडवायला बसलीस. चुकलीस की मोठ्यानं हसायचीस, "हे मला बी नाय आलं, चला परत." शिक्षिकेनं पोरांसमोर चुकावं? मला ते बघवत नव्हतं. आणि त्याहून बघवत नव्हतं की पोरं तुझ्याभोवती कोंडाळं करून उभी आहेत, आणि मी माझ्या रिकाम्या वर्गात डस्टर झटकतेय.

नेमकी त्याच वर्षी माझी मुग्धा बारावीला. माझी एकुलती एक, हुशार, थोडी भित्री. मी तिला तुझ्या डिव्हिजनला जाऊ दिलं नाही. ए डिव्हिजनला माझ्याच डोळ्यांसमोर बसवली.

आता जे लिहायचंय ते लिहिते. 

घरचं मूल बोर्डाला बसलं की त्या वर्षी त्या विषयाच्या परीक्षेच्या कामात आईबापांनी पडायचं नसतं. तसं लिहून द्यावं लागतं. तू मला जानेवारीतच म्हणाली होतीस, "ताई, यंदा तुम्ही प्रयोगशाळेत पाऊल नका टाकू, कॉलेजकडून परीक्षक मी आहे ना." मला राग आला. माझ्याच प्रयोगशाळेत मलाच बंदी? आमचे लॅब अटेंडंट पोपटराव एकटे बाटल्या भरत होते, मी मदतीला म्हणून गेले. सॉल्टच्या बाटल्या, त्यांच्यावर एक ते वीस नंबर, आणि कुठल्या नंबरात काय ते परीक्षकाच्या कागदावर. सात नंबरात मी माझ्या हातानं अमोनियम क्लोराइड भरलं. मुग्धाच्या बैठकीच्या क्रमानं तिच्या वाट्याला सातच येणार होता, हे मला न मोजता कळलं.

प्रॅक्टिकलच्या सकाळी तिला दही-साखर देताना मी सांगितलं, "सात नंबर आला तर फार तपासत बसू नकोस. अमोनियम क्लोराइड." एवढंच बोलले. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अगं, सगळेच करतात."

आणि यातला मूर्खपणा बघ. त्या वर्षी मेडिकलला सीईटीचे मार्क धरणार होते, बोर्डाच्या मार्कांचा उपयोग नुसता पात्र ठरण्यापुरता. प्रॅक्टिकलला चौदा पडोत की वीस, त्यानं सीट येणार नव्हती की जाणार नव्हती. पण मला ते पटतच नव्हतं. मला वाटायचं, सरकार ऐनवेळी माघार घेईल आणि गाडी परत ग्रुपवरच येईल. ज्याला किंमतच उरली नव्हती त्यासाठी मी माझी नोकरी आणि पोरगी पणाला लावली. केमिस्ट्रीची बाई सोडून हा गाढवपणा दुसरं कुणी करणार नाही.

संध्याकाळी पोपटरावांनी हळूच सांगितलं, "मॅडम, मुग्धाताईला चौदा हायेत, वीसपैकी." चौदा! आमच्याकडे प्रॅक्टिकलला अठराच्या खाली कुणाला देत नव्हते. ज्याला परीक्षानळी धरता येत नाही तोही सतरा घेऊन जायचा. मला लगेच उमगलं, तू नंबर बदललेस. सकाळी कुणाला न सांगता तू बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्यास.

मी स्टाफरूममध्ये येऊन रडले. खरोखर रडले. "माझ्यावरचा राग पोरीवर काढला हिनं," म्हणाले. "डूख धरून चौदा दिले." खैरनार मॅडमनी मला पाणी दिलं. सगळ्या माझ्या बाजूच्या, कारण मी जुनी, तू 'शे मॅडम'. तू दारात उभी होतीस. तुझ्या हातात मार्कांची पाकिटं होती, त्यावर लाख लावायची राहिली होती. मला वाटलं, आता बोलशील. तू पाकिटं घेऊन निघून गेलीस.

यानंतर आठ वर्षं आपलं भांडण तिथंच अडकून पडलं. कारण मी विचारणार कशी? 'नंबर का बदललेस' असं विचारायचं तर नंबर मला ठाऊक होते हे आधी कबूल करायला हवं. तुला ते कळत होतं. मला कळत होतं की तुला कळतंय. आणि आपण दोघी त्याच टेबलाच्या दोन टोकांना बसून डबे खात होतो. म्हणजे मी खात होते, पाच जणींच्या घोळक्यात. तुझ्या डब्याला कुणी हात लावत नव्हतं. तू खापरावरचे मांडे आणायचीस कधी, सगळ्यांसमोर ठेवायचीस, आणि मधली सुट्टी संपली की तसेच परत न्यायचीस. मी बघायचे ते. एक शब्द मी बोलले असते तर सगळ्यांनी खाल्ले असते. नाही बोलले.

एकदा तू प्रयत्न केलास. सीबीएस स्टँडवर, सिन्नरच्या गाडीची वाट बघत मी उभी होते. तू जवळ येऊन म्हणालीस, "ताई, एकदा बोलू या ना. मनात नका ठेवू." मी म्हटलं, "बोलण्यासारखं काय ठेवलंयस तू?" आणि समोर आलेल्या कुठल्यातरी गाडीत चढले. ती गाडी मालेगावची निघाली. आडगावला उतरून परत आले. हसलीस ना? हस.

पण माझा खरा जळफळाट प्रॅक्टिकलचा नव्हताच. तो नंतर सुरू झाला. बोर्डाची परीक्षा संपून सीईटीची वाट बघायची ती दोन महिन्यांची सुट्टी. मुग्धा रोज सायकल काढून "लायब्ररीत जाते" म्हणायची. मी म्हटलं, करतेय अभ्यास, करू दे. एक दिवस जेवताना म्हणते, "आई, कळण्याची भाकरी कर ना गं कधी." आमच्या घरात कळण्याची भाकरी, खानदेशातली, ज्वारी-उडदाची! माझ्या आईच्या सात पिढ्यांत कुणी कळणा दळला नाही. मी विचारलं, "कुठं खाल्लीस?" ती लाल झाली. तुझ्या इंदिरानगरच्या घरी जात होती ती, रोज. तुझ्या ओट्याशी बसून प्रश्न सोडवत होती, तुझ्या हातची भाकरी खात होती. माझी पोरगी! मी तव्यावरची पोळी तशीच जळू दिली.

मी तिला अडवलं नाही. सीईटी तोंडावर होती, आणि तिच्या वहीत मला दिसत होतं की तिला विषय कळायला लागलाय. माझ्या हाताखाली एक वर्ष ती पाठ करत होती. तुझ्याकडे दोन महिन्यांत विचारायला लागली. "आई, असं का होतं?" असं मला विचारायची, मग माझं उत्तर ऐकून म्हणायची, "आहेर मॅडम वेगळं सांगतात." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सीईटीला तिची सीट थोडक्यात हुकली. मी म्हटलं, रिपीट कर, एक वर्ष परत बस, सगळे बसतात. ती म्हणाली, "मला बीएस्सी करायचंय. केमिस्ट्री." मी म्हटलं, "अगं केमिस्ट्री तर घरातच आहे!" तर म्हणते कशी, "मला ती आवडायला लागली आहेर मॅडममुळे." सुनंदा, मी तुला सांगते, नवऱ्यानं दुसरी आणली असती तरी मला एवढं लागलं नसतं. चोवीस वर्षं मी केमिस्ट्री शिकवतेय तेव्हा. लहानपणी ती माझ्या मांडीवर बसून लिटमसच्या कागदाशी खेळली. आणि आवडली कुणामुळे? तुझ्यामुळे.

स्टाफरूममध्ये मी काय सांगितलं? "प्रॅक्टिकलच्या धक्क्यानं पोर खचली, म्हणून मेडिकल हुकलं." सगळ्यांनी मान डोलावली. सायन्सच्या बायका त्या, प्रॅक्टिकलच्या मार्कांचा सीईटीशी संबंध नाही हे त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. पण एकदा एखादीला बाजूला बसवलं की परत बोलावणं जड जातं. आणि मी ते होऊही दिलं नाही.

तू आजारी पडलीस तेव्हा मुग्धा पुण्याहून दोनदा येऊन तुला भेटून गेली. संशोधन करतेय आता तिथल्या प्रयोगशाळेत, तुला माहीतच आहे, तुला माझ्याआधी कळायचं सगळं. मीही आले होते एकदा दवाखान्यापर्यंत. फाटकाशी नारळपाणीवाल्याकडून एक शहाळं घेतलं, तुझ्यासाठी. तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेले, तर आत मुग्धाचा हसण्याचा आवाज आला, तुझाही आला. दोघी कशावरतरी हसत होतात. शहाळं मीच पिऊन परत आले.

आता अमरधामची गोष्ट. सगळं उरकल्यावर आम्ही नळाशी पाय धूत होतो. खैरनार मॅडम पुण्याहून आलेल्या मुग्धाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आलीस हो तू? मोठं मन गं बाई तुझं. हिनं तुझ्या बारावीची एवढी वाट लावली, तरी आलीस."

मुग्धा म्हणाली, "कुणी वाट लावली?"

"अगं, आहेर मॅडमनंच की. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण डूख धरून चौदा दिले ना. तुझी आई केवढी रडली होती तेव्हा. आम्ही तर त्या दिवसापासून तिच्याशी संबंधच तोडले."

मुग्धानं माझ्याकडे बघितलं. मी पाय धूतच राहिले, धुवून झालेले पाय.

फाटकाबाहेर आल्यावर तिनं मला थांबवलं. तू आठ वर्षं जे कुणाला सांगितलं नाहीस ते तिनं मला सांगितलं. तिच्या पुढ्यात सात नंबरची बाटली आली. तिनं बर्नर पेटवला नाही, काही केलं नाही, उत्तरपत्रिकेवर सरळ लिहून काढलं: उग्र वास येतो, ओला तांबडा लिटमस निळा होतो, अमोनियम क्लोराइड. बाटलीत मॅग्नेशियम सल्फेट होतं. त्याला कसला वास येतो, कप्पाळ! तू फिरत फिरत तिच्या टेबलाशी आलीस, कागद वाचलास, गार बर्नरला हात लावून बघितलास, आणि हळूच म्हणालीस, "पोरी, वास कोठे शे?"

ती रडायला लागली. म्हणाली, "आईनं सांगितलं होतं."

बाहेरून आलेले परीक्षक चहाला गेले होते. तू कॉपी केस केली असतीस तर मुग्धा परीक्षेतून उठली असती आणि मी नोकरीतून. तू तो कागद घडी करून पर्समध्ये घातलास, तिला कोरा कागद दिलास, दुसरी बाटली दिलीस आणि म्हणालीस, "रडू नको. पेटव बर्नर. जे दिसंल ते लिही." अर्धा वेळ गेला होता. उरलेल्या वेळात तिनं जेवढं केलं, तेवढ्याचे चौदा झाले. एक मार्क कमी नाही, एक जास्त नाही. नियमाची बाई तू, आयुष्यात एकदा नियम मोडलास, तोही माझ्या पोरीसाठी. आणि ज्या चौदांवरून मी तुला आठ वर्षं वाळीत टाकलं, ते मुळात शून्य व्हायचे होते.

तुला सांगू, हे ऐकून मला आधी काय वाटलं? उपकार नाही वाटले. पुन्हा हेवाच वाटला. माझ्या पोरीला ज्या क्षणी आई हवी होती, त्या क्षणी तिथं तू होतीस. मी तिला खोटा वास लिहायला लावून घरी स्वयंपाक करत बसले होते.

मुग्धा म्हणाली, "मी मॅडमना विचारलं होतं, आई अशी का वागली. त्या म्हणाल्या, तिच्यावर रागवू नको. प्रयोगशाळेत तिच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नाही, मला सॉल्ट तिनं शिकवलं. ती घाबरली, एवढंच." मी तिथंच फाटकाला धरून उभी राहिले. माझ्याबद्दल असं कुणी बोललेलं नाही, सुनंदा. माझ्या नवऱ्यानंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "मुग्धा, घरी चल, बोलू." ती म्हणाली, "मला माहीत होतं तुमचं भांडण आहे. पण तू त्यांच्याबद्दल हे सांगत फिरलीस? त्यांनी मला कधी एका शब्दानं कळू दिलं नाही की त्या एकट्या डबा खातात. स्टाफरूममध्ये जाऊन खरं सांग. माझं नाव घालून सांग, मी कॉपी केली हेही सांग, मला चालेल. सांगशील तेव्हा फोन कर. तोपर्यंत नको." आणि रिक्षाला हात करून निघून गेली. घरी पाणी प्यायलासुद्धा आली नाही. तिच्यासाठी आदल्या दिवशी केलेला चिवडा डब्यात तसाच आहे.

म्हणून मी प्राचार्यांना हो म्हणाले. तोंडानं सांगायची माझी छाती नव्हती. आणि नुसतं स्टाफरूममध्ये सांगितलं असतं तर पाच जणी "जाऊ द्या हो ताई" म्हणाल्या असत्या आणि विषय मिटला असता. छापून आलं की मिटत नाही. माझ्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. चौकशी लागली तर लागू दे. चौदाचाच आकडा पडला यातही, माझ्या नशिबाला विनोद कळतो म्हणायचा.

तर ऐका सगळ्यांनी. आहेर मॅडमनी कुणाच्या पोरीचं नुकसान केलं नाही. सॉल्ट मी फोडलं होतं. त्यांनी नंबर बदलले ते बरोबर केलं, पोरीला सांभाळलं ते त्याहून बरोबर केलं, आणि मी खोटं बोलले. खैरनार मॅडम, तुम्ही मला पाणी दिलंत ते चुकीच्या बाईला दिलंत.

आज सकाळी इथवरची पानं मी आधी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली.   खैरनार मॅडम उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी ती पानं प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून घरी आले; हे पुढचं फक्त तुझ्यासाठी.

सुनंदा, तुझी क्षमा मागायची म्हणून मी बसले होते, पण चार ओळी झाल्या की परत तुझा राग येतो. माझी पोरं घेतलीस, माझा विषय घेतलास, माझी मुग्धा घेतलीस, आणि वर माझ्याबद्दल चांगलं बोलून गेलीस. माणसानं इतकंही चांगलं वागू नये गं, समोरच्याला भांडायला काही उरत नाही. तुझी आठवण येते. डबा खाताना टेबलाच्या त्या टोकाकडे बघवत नाही.

आता फोन घेऊन बसलेय. मुग्धाचा नंबर काढलाय, बटण दाबलेलं नाही. ती उचलेल का? उचलला तर पहिलं काय बोलेल, रडेल, की नुसतं "हं" म्हणेल? तू असतीस तर तुला विचारलं असतं. तुला ठाऊक असतं. मला नाही.